अमेरिकेतील फायनान्शियल एड आणि अभ्यासातील प्रगतीची अट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मराठी घरांतील मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून हे प्रश्न येत राहतात. मे महिन्यात निकाल लागले की त्यांचा ओघ वाढतो. उत्तरे फेडरल सरकारच्या नियमांवर आधारलेली आहेत. हे नियम किमान चौकट आखून देतात आणि प्रत्येक कॉलेज त्या चौकटीत स्वतःचे लेखी धोरण ठरवते. त्यामुळे खालील कोणत्याही उत्तरावर निर्णय घेण्यापूर्वी आपल्या कॉलेजच्या संकेतस्थळावरील ‘सॅप पॉलिसी’, म्हणजे अभ्यासातील प्रगतीच्या अटीचे धोरण, वाचणे आवश्यक आहे. ती बहुधा दोन-तीन पानांचीच असते, आणि तरीही संकटात सापडण्यापूर्वी ती वाचलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो.

१. ‘सॅप’ म्हणजे काय आणि ही अट कोणत्या मदतीला लागू होते?

‘सॅटिसफॅक्टरी ॲकॅडमिक प्रोग्रेस’ म्हणजे मदत घेणारा विद्यार्थी पदवीच्या दिशेने पुरेशा वेगाने आणि पुरेशा गुणांनी पुढे सरकत आहे की नाही, याची तपासणी. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली मिळणाऱ्या मदतीला ती लागू आहे. त्यात पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे अनुदान) आणि वर्क-स्टडी (शिकताना करायचे अर्धवेळ काम) येतात, तशी फेडरल डायरेक्ट लोनही येतात. “कर्ज तर आम्ही व्याजासह फेडणार, मग गुणांचा संबंध काय?” असे अनेक पालक विचारतात. संबंध आहे. मुलाची प्रगती समाधानकारक नसेल तर त्याच्यासाठी आईवडिलांनी काढायचे पॅरेंट प्लस लोनही थांबते. दरवर्षी भरायचा फाफ्सा अर्ज कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहतो आणि सॅप अभ्यास पाहते. मदत चालू राहण्यासाठी दोन्ही लागतात.

२. आम्ही एच-१बीवर आहोत आणि मुलगी एच-४वर आहे. तिला ही अट लागू होते का? एफ-१वर भारतातून आलेल्यांचे काय?

एच-४ आणि एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना फेडरल मदत मिळतच नाही, त्यामुळे फेडरल सॅपचा प्रश्न उद्भवत नाही. ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकन नागरिक मात्र पात्र असतात. कॉलेजने स्वतःच्या निधीतून स्कॉलरशिप दिली असेल, तर तिच्या अटी मंजुरीच्या पत्रात वेगळ्या लिहिलेल्या असतात आणि त्या सॅपपेक्षा कडक असू शकतात. एफ-१वर पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विषय सोडल्याने त्या सत्राची क्रेडिट (प्रत्येक विषयाचा भार मोजण्याची एकके) १२ च्या खाली गेली, तर मदतीच्या आधी व्हिसाचाच प्रश्न उभा राहतो. म्हणून विषय सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी.

३. प्रगती नेमकी कशी मोजतात?

तीन मापांनी, आणि तिन्हींत एकाच वेळी उत्तीर्ण व्हावे लागते.

पहिले माप गुणांचे. दोन वर्षांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाअखेर विद्यार्थ्याची सरासरी किमान ‘सी’ असावी, किंवा पदवीसाठी त्या टप्प्यावर जेवढी अपेक्षित असते तेवढी असावी. व्यवहारात बहुतेक कॉलेजे २.० जीपीए (ग्रेडची ४.० पैकी सरासरी) मागतात. काही पहिल्या सत्रापासूनच मागतात, तर काही पहिल्या वर्षी थोडी सवलत देतात.

दुसरे माप वेगाचे. आजवर घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली, याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आसपास असावे लागते.

तिसरे माप कमाल मुदतीचे. पदवीपूर्व अभ्यासक्रमाची जी ठरलेली लांबी असते, तिच्या १५० टक्क्यांच्या आत पदवी मिळाली पाहिजे. १२० क्रेडिटच्या पदवीसाठी १८० आणि ६० क्रेडिटच्या असोसिएट पदवीसाठी ९० क्रेडिट ही मर्यादा होते. दुसरे माप याच तिसऱ्यातून निघते, कारण १८० क्रेडिट घेऊन १२० पूर्ण करायची तर दर तीनपैकी दोन पूर्ण झालीच पाहिजेत.

४. मी ३० पैकी २० क्रेडिट पूर्ण केली. मी पास की नापास?

हे प्रमाण ६६.६७ टक्के होते, आणि उत्तर तुमच्या कॉलेजच्या धोरणातील शब्दांवर अवलंबून आहे. धोरणात ‘दोन-तृतीयांश’ किंवा ‘६६.६७’ असे लिहिले असेल, किंवा कॉलेज पूर्णांकात करत असेल, तर तुम्ही काठावर उत्तीर्ण आहात. नुसतेच ‘६७ टक्के’ लिहिले असेल, तर पूर्णांकात करतात का, हे एड ऑफिसला ईमेलने विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

५. जीपीए खाली जाऊ नये म्हणून मी विषय सोडून ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडल्याची नोंद) घेतला. हे शहाणपणाचे नव्हते का?

नेहमीच नव्हे. सर्वाधिक चांगले विद्यार्थी नेमके येथेच अडकतात, म्हणून हे आकड्यांत मांडतो.

समजा, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने पहिल्या सत्रात १६ आणि दुसऱ्यात १५, अशी ३१ क्रेडिट घेतली. केमिस्ट्रीत आणि कॅल्क्युलसमध्ये बी मिळणार नाही असे दिसताच तिने ते चार-चार क्रेडिटचे दोन्ही विषय सोडले, आणि दुसऱ्या सत्रात तीन क्रेडिटचा आणखी एक सोडला. उरलेल्या २० क्रेडिटमध्ये तिचा जीपीए ३.४ आहे. घरात सगळे खूश आहेत. पण २० भागिले ३१ म्हणजे ६४.५ टक्के, आणि वेगाच्या मापात ती नापास आहे. तिने तो शेवटचा तीन क्रेडिटचा विषय न सोडता डी मिळवला असता, तर जीपीए ३.०९ पर्यंत उतरला असता, पण २३ भागिले ३१ म्हणजे ७४.२ टक्के झाले असते आणि मदत सुरक्षित राहिली असती.

जीपीए जपण्याची सवय आपल्या घरांत खोल रुजलेली आहे, आणि डी मिळवणे ही कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. मेडिकल किंवा ग्रॅज्युएट स्कूलच्या दृष्टीने डब्ल्यू बरा ठरू शकतो, तसेच पुढच्या विषयासाठी किमान सी लागत असेल तर डी निरुपयोगी ठरतो, हे खरे आहे. माझे म्हणणे एवढेच की विषय सोडण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा.

सत्राच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) येतच नाही आणि सहसा घेतलेल्या क्रेडिटमध्ये मोजला जात नाही. डब्ल्यू त्यानंतर लागतो, आणि तो मोजला जातो.

६. इन्कम्प्लीट, पुन्हा घेतलेला विषय, पास-फेल आणि ऑडिट हे कसे मोजतात?

इन्कम्प्लीट, म्हणजे काम अपुरे राहिल्याने ग्रेड लांबणीवर पडलेला विषय घेतलेल्यांत धरला जातो, पण ग्रेड लागेपर्यंत पूर्ण झालेल्यांत नाही. ग्रेड बदलल्यावर एड ऑफिसला आपण होऊन कळवावे, कारण ते पुन्हा गणित करतीलच असे नाही. पास-फेलमधील ‘पास’ वेगासाठी मोजला जातो, मात्र जीपीएवर त्याचा परिणाम होत नाही. ऑडिटसाठी, म्हणजे क्रेडिट न घेता नुसते वर्गात बसण्यासाठी, फेडरल मदत मिळत नाही.

पुन्हा घेतलेला विषय प्रत्येक वेळी घेतलेल्या क्रेडिटमध्ये भर घालतो. जुना ग्रेड जीपीएमधून काढायचा की नाही, हे कॉलेज ठरवते. नापास झालेला विषय पास होईपर्यंत मदतीतून पुन्हा घेता येतो. पास झालेला विषय ग्रेड सुधारण्यासाठी मदतीतून फक्त एकदाच पुन्हा घेता येतो.

७. तपासणी कधी होते? आम्हाला तर काहीच कळवले नव्हते.

एक वर्षाहून मोठ्या अभ्यासक्रमांत वर्षातून किमान एकदा तपासणी करणे बंधनकारक आहे, आणि ती बहुधा वसंत सत्राच्या निकालानंतर होते. अनेक कॉलेजे प्रत्येक सत्रानंतर तपासतात. मदतीवर परिणाम होणार असेल तर विद्यार्थ्याला कळवणेही बंधनकारक आहे, मात्र ही सूचना कॉलेजच्या ईमेलवर आणि पोर्टलवर येते. मे-जूनमध्ये पुष्कळ कुटुंबे भारतात असतात. विद्यार्थी कॉलेजचा ईमेल उघडत नाही, आणि ऑगस्टमध्ये फीचे बिल पाहिल्यावर गोष्ट उघड होते. तोवर अपीलची मुदत उलटून गेलेली असू शकते. म्हणून सुट्टीतही आठवड्यातून एकदा कॉलेजचा ईमेल तपासणे इष्ट.

८. वॉर्निंग, सस्पेंशन आणि प्रोबेशन यांत फरक काय?

वॉर्निंग म्हणजे एका सत्राची संधी. त्या काळात मदत चालू राहते आणि अपील करावे लागत नाही. मात्र जी कॉलेजे प्रत्येक सत्रानंतर तपासणी करतात, त्यांनाच वॉर्निंग देता येते. वर्षातून एकदा तपासणाऱ्या कॉलेजात पहिल्याच अपयशानंतर मदत थेट बंद होते, ज्याला बहुतेक ठिकाणी सस्पेंशन म्हणतात. अपील मंजूर झाले की विद्यार्थी प्रोबेशनवर जातो आणि मदत पुन्हा सुरू होते. एका सत्रात तिन्ही मापे गाठणे शक्य नसेल, तर कॉलेज ‘ॲकॅडमिक प्लॅन’ आखून देते. त्यात कोणत्या सत्रात किती क्रेडिट आणि किती जीपीए हवा हे लिहिलेले असते, आणि ते पाळले तोवर मदत मिळते.

९. रजिस्ट्रारच्या पोर्टलवर ‘गुड स्टँडिंग’ दिसते. मग मदत का बंद झाली?

कारण या दोन स्वतंत्र तपासण्या आहेत. रजिस्ट्रार किंवा डीनचे कार्यालय विद्यार्थ्याला वर्गात बसू द्यायचे की नाही हे पाहते, आणि ते बहुधा जीपीएवर ठरते. एड ऑफिस त्याशिवाय वेग आणि कमाल मुदतही पाहते. प्रश्न ५ मधील विद्यार्थिनी डीनच्या गुणवंत यादीत असूनही मदत गमावू शकते. ‘प्रोबेशन’ हा शब्दही दोन्ही कार्यालये वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, तेव्हा पत्र कोणाकडून आले आहे, ते आधी पाहावे.

१०. अपील कोणत्या कारणांवर करता येते?

नियमात तीन कारणे दिली आहेत : नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याची स्वतःची दुखापत किंवा आजारपण, आणि अन्य विशेष परिस्थिती. तिसऱ्या कारणात पालकाची नोकरी जाणे, घर सोडावे लागणे किंवा घरातील व्यक्तीची शुश्रूषा करावी लागणे यांसारखी कारणे बसवता येतात. मानसिक आजार हाही आजारच आहे. “लोक काय म्हणतील” या भीतीने नैराश्याचा उल्लेख टाळून ‘वैयक्तिक अडचण’ एवढेच लिहिलेले अपील दुबळे ठरते. उपचार चालू असल्याचे थेरपिस्टचे पत्र बहुतेक ठिकाणी पुरते आणि निदानाचा सविस्तर तपशील द्यावा लागत नाही. विषय अवघड होता, प्राध्यापक नीट शिकवत नव्हते किंवा नियम ठाऊक नव्हता, ही कारणे सहसा टिकत नाहीत.

११. अपीलच्या पत्रात काय लिहावे?

नियमानुसार दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : प्रगती का झाली नाही, आणि आता असे काय बदलले आहे की ज्यामुळे पुढच्या तपासणीत ती दिसेल. बहुतेक पत्रे पहिल्या प्रश्नावर दीड पान खर्च करतात आणि दुसऱ्यासाठी “यापुढे मी मनापासून अभ्यास करीन” हे एक वाक्य ठेवतात. समितीच्या दृष्टीने दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो.

तारखा आणि विषय जुळवून लिहावे. “ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वडिलांची बायपास झाली, त्यानंतर तीन आठवडे मी वर्गात जाऊ शकलो नाही, आणि प्रयोगशाळा असलेले बायॉलॉजी व केमिस्ट्री हे दोन विषय त्यामुळे बुडाले” हे वाक्य वाचणाऱ्याला ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहता येते. त्या सत्राआधीही ग्रेड घसरलेले असतील तर त्यांचाही खुलासा करावा, कारण समितीसमोर संपूर्ण ट्रान्सक्रिप्ट असते आणि न सांगितलेली गोष्ट तिला आधी दिसते. बदलाबद्दल लिहिताना ठोस गोष्टी सांगाव्यात : नोकरीचे तास आठवड्याला ३० वरून १२ वर आणले, पुढच्या सत्रात १५ ऐवजी १२ क्रेडिट घेणार आहे, ट्यूटरिंग सेंटरमध्ये नाव नोंदवले आहे. आईवडिलांनी उपसलेल्या कष्टांचे वर्णन आणि पदवी हे लहानपणापासूनचे स्वप्न असल्याचा परिच्छेद गाळला तरी चालतो. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, कारण पालकांनी लिहिलेले पत्र लगेच ओळखू येते.

१२. आजीचे निधन सांगलीला झाले. भारतातील कागदपत्रे चालतात का?

चालतात. महानगरपालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला जोडावा. संगणकीकृत दाखल्यावर बहुधा मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असतो, आणि नुसता मराठी असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे. नाते स्पष्ट नसल्यास पत्रात एक वाक्य लिहावे, कारण आईच्या आईचे आडनाव विद्यार्थ्याच्या आडनावाशी जुळत नाही आणि तेथे शंका येते. प्रवासाची तिकिटे किंवा बोर्डिंग पासही उपयोगी पडतात. ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, हे कॉलेज ठरवते. आजी-आजोबा सहसा मान्य होतात, पण चुलत आजोबांच्या बाबतीत ते घरातच राहत होते का, यासारखी माहिती द्यावी लागते.

१३. अपील नामंजूर झाले. वॉशिंग्टनला शिक्षण विभागाकडे दाद मागता येईल का? की एक सत्र घरी बसावे?

शिक्षण विभाग अशी अपिले ऐकत नाही आणि कॉलेजचा निर्णय अंतिम असतो. नवा पुरावा असेल तर काही कॉलेजे फेरविचार करतात.

घरी बसल्याने काहीही बदलत नाही, कारण एकूण आकडे तेच राहतात. स्वतःच्या पैशाने एक सत्र शिकल्यानेही पात्रता आपोआप परत येत नाही. त्या सत्रानंतर तिन्ही मापे पूर्ण झाली तरच ती येते. कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात क्रेडिट मिळवून ती आपल्या कॉलेजात आणण्याचा मार्ग अनेक जण निवडतात. त्याने वेगाचे प्रमाण सुधारते, पण बाहेरून आणलेले ग्रेड बहुतेक कॉलेजांत जीपीएमध्ये धरत नाहीत, म्हणून अडचण जीपीएची असेल तर हा मार्ग फारसा कामाचा नाही.

१४. पुन्हा पात्र होण्यासाठी मला किती गुण लागतील, हे कसे काढू?

जीपीएला ग्रेड लागलेल्या क्रेडिटने गुणावे. ३० क्रेडिटवर १.६ जीपीए असेल तर ४८ गुण होतात. आणखी १५ क्रेडिट घेतल्यावर ४५ क्रेडिटवर २.० साठी ९० गुण लागतील, म्हणजे येत्या सत्रात ४२ गुण, अर्थात २.८ जीपीए हवा. वेगाचे गणित सोपे आहे. ३० पैकी १६ पूर्ण झाली असतील, तर पुढची १५ च्या १५ पूर्ण केल्यास ४५ पैकी ३१, म्हणजे ६८.९ टक्के होतात. १२ घेऊन १२ पूर्ण केल्यास ४२ पैकी २८ होऊन प्रकरण पुन्हा प्रश्न ४ वर येते. हा हिशेब अपीलच्या पत्राला जोडावा.

१५. मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलला तर जुनी क्रेडिट मोजतात का?

हे पुन्हा कॉलेजच्या धोरणावर आहे, आणि कमाल मुदतीचा फटका सर्वाधिक येथेच बसतो. मुदत १८० क्रेडिट संपल्यावरच भरते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मुदतीच्या आत पदवी मिळणे गणिताने अशक्य झाले, त्याच क्षणी पात्रता जाते. समजा, कॉम्प्युटर सायन्समध्ये १४० क्रेडिट घेऊन १२५ पूर्ण केली, मग इकॉनॉमिक्सकडे वळलात, आणि त्यातली ७० च नव्या पदवीला लागू पडली. अजून ५० हवीत. १४० आणि ५० मिळून १९० होतात, म्हणजे १८० ची मर्यादा ओलांडली जाते. वेग ८९ टक्क्यांच्या वर असलेल्या आणि आजपर्यंत एकाही तपासणीत नापास न झालेल्या विद्यार्थ्याची मदत अशी बंद होते. नव्या मेजरला लागू होणारी क्रेडिटच मोजण्याची मुभा कॉलेजांना आहे, आणि काही तसे करतातही, पण अनेकदा त्यासाठी अर्ज करावा लागतो.

१६. कम्युनिटी कॉलेजातून किंवा हायस्कूलमधून आणलेल्या क्रेडिटचे काय?

नव्या कॉलेजने पदवीसाठी स्वीकारलेली क्रेडिट ‘घेतलेली’ आणि ‘पूर्ण केलेली’ अशी दोन्हीकडे मोजतात. वेगाला त्याचा फायदा होतो, मात्र कमाल मुदत तेवढी खर्च होते.

१७. त्या वर्षी मी मदत घेतलीच नव्हती. ते वर्षही धरतात?

धरतात. पदवीपर्यंतचा संपूर्ण प्रवास मोजला जातो, त्यात पैसे कोणी भरले हे पाहत नाहीत. काही कॉलेजे ‘ॲकॅडमिक फर्गिव्हनेस’ देऊन जुने खराब ग्रेड जीपीएमधून वगळतात, पण फेडरल सॅप अशी माफी मानत नाही. अशा वेळी ट्रान्सक्रिप्टवर एक जीपीए आणि एड ऑफिसच्या नोंदीत दुसरा, असे चित्र दिसते.

१८. संपूर्ण सत्रच मध्ये सोडावे लागले. मिळालेले पैसे परत करावे लागतात का?

ही सॅपपेक्षा वेगळी तरतूद आहे, पण दोन्ही एकदमच लागू होतात. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सर्व विषय सोडले, तर मदतीचा न कमावलेला भाग सरकारला परत जातो, आणि त्यामुळे फीमध्ये पडलेली तूट कॉलेज विद्यार्थ्याकडून वसूल करू शकते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा टप्पा साधारण नवव्या आठवड्याच्या अखेरीस येतो. अर्ज न करता वर्गात जाणे बंद केले आणि सर्व विषयांत एफ आले, तर विद्यार्थी मध्येच सोडून गेला असे गृहीत धरून हाच हिशेब केला जातो. जाणे खरेच अपरिहार्य असेल तर रीतसर अर्ज करावा, आणि निघण्यापूर्वी एड ऑफिसकडून आकडा लेखी मागून घ्यावा.

१९. राज्याच्या स्कॉलरशिपला हेच नियम लागतात का?

नेहमी नाही. जॉर्जियाच्या होप स्कॉलरशिपसाठी ३.० जीपीए लागतो, आणि तो ३०, ६० व ९० क्रेडिट घेतल्यावरच्या टप्प्यांवर तपासतात. न्यूयॉर्कच्या टॅप मदतीला प्रगतीचा स्वतंत्र तक्ता आहे. फेडरल अपील मंजूर झाले म्हणून राज्याची मदत आपोआप चालू राहत नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे विचारावे.

२०. पेल ग्रँट बारा सत्रे मिळते असे ऐकले. मग १५० टक्क्यांची मर्यादा कशाला?

या दोन निराळ्या मर्यादा आहेत. पेलची आयुष्यभराची मर्यादा ६०० टक्के, म्हणजे पूर्णवेळ शिक्षणाची साधारण बारा सत्रे आहे, आणि ती देशभर एकच असते. कॉलेज बदलले तरी खर्च झालेली पेल परत मिळत नाही. सॅप मात्र नवे कॉलेज आपल्या धोरणानुसार नव्याने तपासते. जी मर्यादा आधी येईल ती लागू होते.

२१. फी आम्ही भरतो, तरी कॉलेज मुलाचे ग्रेड आम्हाला का सांगत नाही?

फर्पा या १९७४ च्या कायद्यानुसार कॉलेजात प्रवेश घेतल्यावर शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, मग त्याचे वय १७ का असेना. विद्यार्थ्याने पोर्टलवरून लेखी संमती दिली की एड ऑफिस पालकांशी बोलू शकते. करविवरणात मूल अवलंबित दाखवले असेल तर संमतीशिवाय माहिती देण्याची मुभा कॉलेजला आहे, सक्ती नाही, आणि बरीच कॉलेजे ती वापरत नाहीत. संमतीचा अर्ज ऑगस्टमध्ये, सगळे आनंदात असताना भरून घेणे सोपे जाते. मे महिन्यात सॅपचे पत्र आल्यानंतर तो विषय काढणे दोन्ही पक्षांना अवघड होते.